तेविसावी जोडी

मी कारकून होतो, आणि चांगला कारकून होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझ्या बाजूने बोलण्यासारखं तेवढंच आहे. चोपड्याहून शिरपूरला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. गावात संस्थेची माध्यमिक शाळा, आणि शाळेच्या ऑफिसात एक हिरवं लोखंडी कपाट. त्यातला कोणताही कागद मी डोळे मिटून काढून देत असे. हेडमास्तर बदलले, तपासणीला येणारे साहेब बदलले, कपाटाची किल्ली मात्र वीस वर्षं माझ्याच करदोड्याला होती. लोक म्हणत, जीवरामभाऊंच्या कपाटात गेलेला कागद आणि देवळात ठेवलेला नारळ, दोन्ही जागचे हलत नाहीत. मला ते ऐकून बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

इंग्रजीला पुष्पाबाई होत्या. धुळ्याच्या. नवरा तिथे एसटीच्या वर्कशॉपात, चार वर्षांचा मुलगा सासूकडे, आणि बाई इथे एका खोलीत भाड्याने. दर दुसऱ्या शनिवारी दुपारची गाडी पकडून धुळ्याला जायच्या आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत यायच्या. तात्पुरत्या नेमणुकीवर अडीच वर्षं झाली होती. कायम केल्याची ऑर्डर आली की खोली सोडून दोन खोल्या घ्यायच्या आणि मुलाला इकडे आणायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. अठ्ठ्याऐंशीच्या संक्रांतीला सासूने मात्र निक्षून सांगितलं होतं की होळीपर्यंत ऑर्डर हातात आली तर ठीक, नाहीतर राजीनामा टाकून घरी यायचं. आईवाचून पोर वाळत चाललंय. हे सगळ्या शाळेला माहीत होतं, कारण आमच्या शाळेत कोणाच्या घरची भाजी खारट झाली तेही स्टाफरूममध्ये कळायचं.

बाईंची शिकवण्याची रीत न्यारी होती. सत्याऐंशीच्या दिवाळीची सुट्टी संपली आणि त्यांनी नववीच्या प्रत्येक मुलाला एकेक इंग्रजी शब्द वाटून दिला. साधेसुधे शब्द नाहीत, एकाला चार-चार अर्थ असलेले. कोणाला 'केस', कोणाला 'चार्ज', कोणाला 'इंटरेस्ट'. शब्द एकटा राहत नाही, त्याचे सोयरे असतात, असं त्या म्हणायच्या. आपण मराठीत ऑर्डर देतो, इंग्रज ती 'प्लेस' करतो. बंद पडलेलं यंत्र 'आऊट ऑफ ऑर्डर' असतं, तेच चालू असलं की 'इन वर्किंग ऑर्डर'. शब्द तोच, शेजारी बदलला की अर्थ बदलतो. म्हणून नुसते अर्थ पाठ करायचे नाहीत, सोयरे शोधायचे.

त्यासाठी वहीत तीन रकाने होते. पहिल्यात जोडी, दुसऱ्यात अर्थ, तिसऱ्यात ती कुठे पाहिली आणि कधी. ऐकीव चालणार नाही, डिक्शनरीतून उतरवलेली तर मुळीच नाही. लिहिलेली, छापलेली, डोळ्यांनी पाहिलेली हवी. आणि मूळ कागद किंवा पाटी स्वतः पाहिल्याशिवाय बाई जोडीपुढे बरोबरची खूण करत नसत. एका पोराने औषधाच्या बाटलीवरची जोडी लिहिली, तर त्याच्या घरी जाऊन ती बाटली पाहून आल्या. शाळा सुटल्यावर बाई वह्या घेऊन गावभर फिरायच्या आणि पारावरची मंडळी हसायची. मीही हसायचो. पगार शिकवण्याचा आणि काम पंचनाम्याचं, असं मी भटू शिपायाला म्हटल्याचं आठवतं.

माझी मुलगी सुगंधा त्याच वर्गात होती. तिच्या वाट्याला आला 'ऑर्डर'.

पोर झपाटली. पोस्टातून 'मनी ऑर्डर' आणि 'पोस्टल ऑर्डर' आणली. पोस्टातल्या फोनवर पुठ्ठा लटकवलेला असायचा, तिथून 'आऊट ऑफ ऑर्डर'. केळीच्या व्यापाऱ्याकडे दिल्लीहून आलेली तार पाहून 'कॅन्सल्ड ऑर्डर'. किराण्याच्या पुडीचा कागद इंग्रजी पेपराचा निघाला, त्यात दंगलीची बातमी, म्हणून 'लॉ अँड ऑर्डर'. शेजारच्या दोघा भावांचा बांधावरून दावा चालू होता, त्यांच्याकडे जाऊन 'स्टे ऑर्डर' पाहून आली. थोरल्याने तो मोठ्या अभिमानाने दाखवला, धाकट्याने त्या दिवसापासून आमच्याशी बोलणं टाकलं. मी वीस वर्षं ऑर्डर म्हणजे शिक्का मारलेला कागद इतकंच समजत होतो. त्या शब्दाचा एवढा मोठा गोतावळा असेल याची मला कल्पनाच नव्हती.

सतराव्या जोडीला ती अडकली. झुलाल नावाचा एक मुलगा 'केस'च्या बावीस जोड्या घेऊन पुढे होता, आणि सुगंधाला अन्न गोड लागेना. शेवटी मी म्हटलं, इंग्रजी कागदच हवेत ना, मग गावभर कशाला हिंडतेस? शनिवारी शाळा सुटल्यावर ऑफिसात ये. तुझ्या बापाच्या कपाटाइतके इंग्रजी कागद चोपडा तालुक्यात नसतील. हीच ती माझी चूक. बढाई मारताना माणूस आपल्या कपाटात काय आहे तेसुद्धा विसरतो.

काय होतं ते सांगतो. एकोणीस नोव्हेंबरला पुष्पाबाईंना कायम केल्याचा कागद नाशिकहून आला होता. नाशिकच्या त्या साहेबांना इंग्रजीची हौस, म्हणून वर ठळक टाइप केलेलं होतं, 'कन्फर्मेशन ऑर्डर'. मी आवक नोंदवहीत तो चढवला, चारशे बारा नंबर टाकला आणि संस्थेच्या अध्यक्षांना, धनसिंग आबांना, दाखवायला घेऊन गेलो. आबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि परत माझ्या हातात दिला. इतक्यात देऊ नको म्हणाले. त्यांच्या पुतण्याची बायको जूनमध्ये बी.एड. होणार होती, तिचाही विषय इंग्रजी. बाई कंटाळून आपणहून गेल्या तर कोणाला काढायला नको, कोणाशी भांडायला नको.

मी एक शब्द बोललो नाही. वीस वर्षं त्यांच्या वाड्यावर जात होतो. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, तशातली गत. कागद फाडावा असं माझ्या मनात आलं नाही, तेवढा मी कारकून होतो. तो बाईंना द्यावा असंही आलं नाही, तेवढाच मी माणूस होतो. वरच्या कप्प्यात 'संकीर्ण' नावाची फाईल होती. ज्या कागदाचं काय करायचं ते कळत नाही, तो आम्ही तिथे ठेवतो. तिथे ठेवला. हेडमास्तर निवृत्तीला टेकलेले, आवक नोंदवहीवर न वाचता सही करायचे. दोन महिने बाई दर आठ-दहा दिवसांनी खिडकीशी येऊन विचारायच्या, नाशिकहून काही आलं का, आणि मी नाही म्हणून मान हलवायचो.

सोळा जानेवारीच्या शनिवारी सुगंधा आली. मी तिला प्रयोगशाळेच्या खरेदीच्या, सेवाज्येष्ठतेच्या, जुन्या परिपत्रकांच्या फायली काढून दिल्या. आणि माझी विद्याही दिली. नुसतं 'फाईलमध्ये पाहिलं' असं लिहायचं नाही, प्रत्येक कागदावर आवक क्रमांक असतो, तारीख असते, ती लिहायची. आणि जिथून काढशील तिथेच ठेवायचं. तेवढ्यात आबांची जीप आली. सव्वीस जानेवारी तोंडावर होती. झेंड्याची दोरी, बक्षिसं, मुलांना बुंदी द्यायची की चॉकलेट, यात व्हरांड्यात पाऊण तास गेला. परत आलो तर सगळ्या फायली जागच्या जागी, नाड्यासुद्धा माझ्यासारख्याच बांधलेल्या. तेवीस जोड्या झाल्या म्हणाली. झुलालच्या एक पुढे. मी खूश होऊन भटूला शेव आणायला पाठवलं.

स्टुलावर चढून ती वरच्या कप्प्यापर्यंत गेली असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

बुधवारी मधल्या सुट्टीत बाई ऑफिसात आल्या. नेहमी खिडकीशी उभ्या राहायच्या, त्या दिवशी आत येऊन समोरच्या खुर्चीवर बसल्या. सुगंधाची वही माझ्यापुढे उघडून ठेवली. बावीस जोड्यांपुढे लाल खुणा होत्या. तेविसावीपुढे नव्हती. माझ्याच वळणाचं अक्षर, मीच घोटून घेतलेलं: कन्फर्मेशन ऑर्डर. नोकरीत कायम केल्याचा हुकूम. आप्पांचे कपाट, वरचा कप्पा, संकीर्ण फाईल, आवक क्र. ४१२, दि. १९-११-८७. पाहिली दि. १६-१-८८.

शाळेत कायम व्हायचं बाकी असलेलं माणूस एकच होतं. ते माझ्यासमोर बसलं होतं.

"जीवरामभाऊ, मूळ कागद पाहिल्याशिवाय मी खूण करत नाही," बाई म्हणाल्या. "तेवीस नंबरचा तेवढा दाखवता का?"

आवाज चढला नव्हता. चेहरा मात्र पांढरा पडला होता आणि लाल पेन त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं. मी म्हटलं, शोधावा लागेल. वीस वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नव्हतं. ते ऐकून दाराशी बसलेल्या भटूनेही मान वर केली.

"शोधा," बाई म्हणाल्या. "उद्या शाळा सुटेपर्यंत थांबते. नाही मिळाला तर त्या ओळीवर फुली मारावी लागेल, आणि का मारली ते वर्गात सांगावं लागेल. नियम सगळ्यांना सारखा."

वही घेऊन त्या गेल्या. मी त्या खुर्चीकडे बघत बसलो. त्यांना नंबर कळला होता, तारीख कळली होती. दुसऱ्या दिवशी रजा टाकून एसटीने जळगाव गाठलं असतं, शिक्षणाधिकारी साहेबासमोर अर्ज ठेवला असता, तर माझ्या नोकरीचं काय झालं असतं ते मला कोणी सांगायला नको होतं. त्या गेल्या नाहीत. माझ्याकडे आल्या, आणि एक दिवस दिला. मला त्यांचा राग आला. उपकार करणाऱ्याचा येतो तसा.

संध्याकाळी आबांच्या घरी गेलो. वाटेत एक युक्ती सुचली होती. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर आबांनी सगळ्यांसमोर आपल्या हाताने बाईंना ऑर्डर द्यावी. आबांचं नाव होईल, बाईंचं काम होईल, आणि दोन महिने कागद कुठे होता ते टाळ्यांमध्ये कोणी विचारणार नाही. आबांनी सगळं ऐकून घेतलं. नोंद बाईंना कळली आहे हेही मी सांगितलं. ते सुपारी कातरत होते. कातरायचे थांबले नाहीत.

"जीवराम," ते म्हणाले, "तुना कपाटले वायवी नही लागत का रे?"

वाळवी. लोखंडी कपाटाला. मी हसलो. हसायचं नव्हतं, पण सवयीने हसलो, आणि नमस्कार करून उठलो. घरी येईपर्यंत मनाशी हिशेब मांडत होतो. कागद वाळवीने खाल्ला म्हणायचं नाही, तो कधी आलाच नव्हता म्हणायचं. चारशे बारावर दुसराच काहीतरी कागद चढवता येईल, पान जुनं दिसेल अशी शाईही माझ्याकडे होती. राहिली एक ओळ. चौदा वर्षांच्या पोरीने चुरशीपायी एक जोडी मनानेच लिहिली, एवढं म्हटलं की झालं. बाई फुली मारतील. वर्ग हसेल. चार दिवसांत सगळे विसरतील.

जेवायला बसलो. सुगंधाच्या आईने भाकरी वाढली. पोर समोर येऊन बसली. तेविसाव्या जोडीवर बाईंनी अजून खूण केली नाही, बाकी सगळ्यांवर केली, असं तिने सांगितलं. तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. उलट काहीतरी गुपित सांगायचं असल्यासारखी पुढे सरकली.

"आप्पा, त्या कागदवर बाईसनं नाव व्हतं, मी वाचं. माले वाटनं, झेंडावंदनले बठ्ठासना म्होरे देवानं म्हनीसन तुम्ही लपाडी ठेयेल शे. म्हनीसन मी कोनलेच नही सांगं. पन वहीमा लिखनं पडनं. नियम शे ना."

झेंडावंदनाला सगळ्यांसमोर ऑर्डर द्यायची जी युक्ती मी तासाभरापूर्वी स्वतःला वाचवायला काढली होती, तीच हिने माझ्या चांगुलपणाच्या खात्यात चार दिवस आधी टाकून ठेवली होती. बाप काहीतरी चांगलंच करणार, एवढाच त्या पोरीचा हिशेब. आणि मी तिला खोटारडी ठरवायला शाई शोधत होतो. मला स्वतःची शिसारी आली. हो, झेंडावंदनासाठीच ठेवलाय, असं म्हणणं किती सोपं होतं. जीभ उचललीही होती. पण नुसतं उद्या बघू म्हटलं आणि पाणी प्यायलो.

सकाळी शाळेची घंटा व्हायच्या आत कपाट उघडलं. संकीर्ण फाईल काढली. नाडीची गाठ सुगंधाने घातलेली होती, माझ्यासारखीच, फक्त जरा सैल. कागद जावक नोंदवहीत चढवला, पोच वही काखेत मारली आणि स्टाफरूममध्ये गेलो. बाई एकट्याच होत्या. कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उचलला नाही, टेबलावर होता तसाच खालपर्यंत वाचला. मग पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ काढला नाही.

मी पोच वही पुढे केली. सहीखाली तारीख घालायची असते. आणि इथेही माझ्यातला कारकून मेला नव्हता. मी हळूच म्हटलं, बाई, तारीख नोव्हेंबरची घातली तर बरं पडेल. आमच्यात असं चालतं. मागची तारीख घालून कितीतरी माणसं वाचतात.

बाईंनी पेन उघडलं. "सुगंधाच्या वहीत कोणती तारीख आहे?" त्यांनी विचारलं.

त्यांनी सही केली आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, २१ जानेवारी १९८८. मग दप्तरातून ती वही काढली, तेविसाव्या ओळीपुढे लाल खूण केली आणि वही माझ्याच हातात दिली. मी जायला निघालो तेव्हा एवढंच म्हणाल्या की मला जळगावला जाता आलं असतं भाऊ, पण पोरीच्या वहीवरून तिच्या बापाला पकडायचं नव्हतं. आभार त्यांनी मानले नाहीत. मानले असते तर मला तोंड लपवायला जागा राहिली नसती.

शाळा सुटल्यावर सुगंधा आणि मी बरोबर निघालो. कापूस वेचून झालेल्या शेतातून पायवाट जायची. वही मी तिला दिली, तिने खूण पाहिली आणि उड्या मारायला लागली. तेवीसच्या तेवीस. मग खूण आहे म्हणजे बाईंना कागद मिळाला, हे तिच्या लक्षात आलं आणि ती थांबली. सव्वीस तारखेला तर अजून पाच दिवस होते. तिने वही पुन्हा उघडली. बोट तिसऱ्या रकान्यात ठेवलं. चौदा वर्षांची होती, पण माझी मुलगी होती, तारखा वाचायला मीच शिकवलं होतं.

"आप्पा," ती म्हणाली, "कागद नोव्हेंबरमा येल व्हता. बाईसले तव्हयच काबर नही दिधा?"

आजूबाजूला कोणी नव्हतं. खोटं बोलायला याहून चांगली जागा मिळाली नसती.

"भ्याई गयथू, बेटा," मी म्हटलं.

कोणाला, असं तिने विचारलं नाही. वही मिटून छातीशी धरली आणि चालायला लागली. रोज माझा डबा ती घ्यायची, त्या दिवशी तो माझ्याच हातात राहिला.

पुढचं थोडक्यात सांगतो. आबांनी किल्ली काढून घेतली आणि मला वाचनालयाच्या खोलीत बसवलं; निवृत्त होईपर्यंत मी पुस्तकांना पुठ्ठे चढवत होतो. त्याचं मला फारसं दुःख नाही. जूनमध्ये पुष्पाबाईंनी दोन खोल्या घेतल्या. त्यांचा मुलगा शाळेच्या आवारात खेळायचा, आणि मला जीवरामकाका म्हणायचा. सुगंधा बी.ए., बी.एड. झाली, जळगावला पिंप्राळ्यात राहते, इंग्रजीच शिकवते. तीन रकान्यांची वही तिच्या वर्गातही चालते. जावई चांगले आहेत. पोर मला जपते, औषधं आणते, सणाला न्यायला स्वतः येते. बोलण्यात कधी तो विषय नाही.

फक्त मी तिच्या हातात कोणताही कागद दिला, लाइटचं बिल असो की लग्नाची पत्रिका, तरी ती आधी त्यावरची तारीख बघते, मग माझ्याकडे बघते, आणि मग वाचायला लागते.